पैशाला कुलूप, पत्ता उघडा : भारतातील ऑनलाइन खरेदी आणि खासगीपणाचा इतिहास

घरबसल्या खरेदी करण्याची भारतीय सवय इंटरनेटपेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुनी आहे. १८७७ मध्ये टपाल खात्याने ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ ही सेवा सुरू केली. मराठी घरांत ती ‘व्ही.पी.’ या दोन अक्षरांनी ओळखली गेली. पुस्तके, बी-बियाणे, औषधे, घड्याळे असा माल व्यापारी पार्सलने धाडी. पोस्टमन तो दारात आणी, रक्कम वसूल करी आणि टपाल खाते ती व्यापाऱ्याकडे पोहोचवी. माल हाती येईपर्यंत पैसे द्यावे लागत नसत, म्हणून गिऱ्हाईक निर्धास्त असे. पैसे दिल्याखेरीज माल सुटत नसे, म्हणून व्यापारीही निर्धास्त असे. परस्परांना कधीही न पाहिलेल्या दोन माणसांमधला अविश्वास एका तिसऱ्या, विश्वासार्ह संस्थेने मिटवला होता.

या व्यवहारात तीन गोष्टींची देवघेव होत असे : वस्तू, पैसा आणि पत्ता. वस्तू आणि पैशाचा हिशेब जागच्या जागी पुरा होई. पत्ता मात्र व्यापाऱ्याच्या वहीत राहून जाई. त्या काळी त्याची कोणाला चिंता वाटण्याचे कारण नव्हते. वही एका दुकानात असे, तिची नक्कल हाताने करावी लागे आणि हजार गिऱ्हाइकांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याचे साधन कोणाजवळ नव्हते. टपालाच्या गुप्ततेबाबत १८९८ च्या कायद्याने एक मर्यादा आखली होती. टपाल कर्मचाऱ्याने दुसऱ्याचे पत्र उघडणे हा गुन्हा होता. सरकारला मात्र सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव टपाल अडवता येत असे. व्यापाऱ्याच्या वहीविषयी कायदा काहीच बोलत नव्हता.

पुढच्या शतकात वही संगणकात गेली आणि वस्तू, पैसा, पत्ता या त्रयीतला तोल बदलला. भारतातील ऑनलाइन खरेदीचा इतिहास सहसा कंपन्यांची मूल्यांकने, सवलतींची युद्धे आणि विक्रीचे आकडे यांच्या आधारे सांगितला जातो. त्याच इतिहासाला दुसरी बाजू आहे. पंचवीस वर्षांत पैशाला एकामागून एक कुलपे लागत गेली. पत्ता, म्हणजे माणूस कोठे राहतो, त्याचा फोन क्रमांक कोणता आणि तो काय विकत घेतो ही माहिती, दीर्घकाळ उघडीच राहिली. हे घडण्यास तंत्रज्ञानाची उणीव कारणीभूत नव्हती. नुकसान कोणाला दिसते आणि ते कोणी सोसायचे, या प्रश्नांची उत्तरे दोन्ही बाबतींत वेगवेगळी होती, हे त्याचे खरे कारण होते.

पत्त्याचे अंकांत रूपांतर करण्याचे पहिले मोठे काम टपाल खात्यानेच केले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा अंकी पिन कोड लागू झाला. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या भाषा आणि अनेक लिपी यांमुळे पत्रे भरकटत असत. सहा अंकांनी त्यावर उपाय केला. पहिला अंक विभाग सांगतो, शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. मात्र पिन कोड टपाल कार्यालयापाशी थांबतो. तेथून पुढे ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर’ हाच भारतीय पत्ता कायम राहिला. या अपुरेपणाचा परिणाम पुढे ऑनलाइन व्यापारावर फार खोलवर झाला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना ती पुरवण्याची परवानगी मिळाली आणि १९९९ मध्ये बंगळुरूत ‘फॅबमार्ट’ हे दुकान इंटरनेटवर उघडले. के. वैतीश्वरन, व्ही. एस. सुधाकर, हरी मेनन, विपुल पारेख आदी सहा जणांनी ते उभारले होते. भारतातील अगदी आरंभीच्या ऑनलाइन दुकानांत त्याची गणना होते. त्या वेळच्या उद्योजकांसमोरील अडचण उघड होती. क्रेडिट कार्ड मोजक्यांकडे होते आणि ज्यांच्याकडे होते त्यांना त्याचा क्रमांक एका न दिसणाऱ्या दुकानाला सांगण्याची भीती वाटत असे. ‘कार्डाचा क्रमांक चोरीला गेला तर?’ हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात होता. ‘माझ्या घराचा पत्ता तुमच्याकडे किती वर्षे राहणार?’ हा प्रश्न कोणाच्या मनात नव्हता. उद्योजक स्वाभाविकपणे पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले.

त्या प्रश्नाची धार बोथट करण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू केली. आरंभी तिकीट संगणकावर काढले तरी छापील प्रत कुरिअरने घरी येत असे; ई-तिकीट २००५ मध्ये आले. पहाटेपासून आरक्षणाच्या रांगेत उभे राहण्याचा अनुभव असलेल्या मध्यमवर्गाने रांग टाळण्यासाठी कार्डाचा क्रमांक पडद्यावर लिहिण्याचे धाडस केले. सरकारी नावामुळे भीती कमी झाली आणि संगणकावरून पैसे भरण्याचा पहिला सराव देशातील असंख्य कुटुंबांनी रेल्वेच्या तिकिटावर केला.

ऑक्टोबर २००७ मध्ये सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुण अभियंत्यांनी बंगळुरूत ‘फ्लिपकार्ट’ सुरू केले. दोघेही दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर आणि अॅमेझॉनचे माजी कर्मचारी होते. आरंभ पुस्तकांपासून झाला. कार्ड नसलेला किंवा कार्ड वापरण्यास न धजणारा ग्राहक त्यांच्याही वाटेत होताच. २०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली. वस्तू दारात येईल तेव्हा पैसे द्यावेत, ही कल्पना नवी म्हणून गाजली. वास्तविक ती १८७७ च्या व्ही.पी.चाच नवा अवतार होती. उद्योजकांना ती महाग पडे. रोख रक्कम गोळा करा, मोजा, बँकेत भरा आणि ग्राहकाने दारातून परत पाठवलेला माल पुन्हा गोदामात आणा. तरीही तिच्याखेरीज लहान शहरांतला ग्राहक हाती येत नव्हता.

खासगीपणाच्या दृष्टीने या पद्धतीचे रूप दुहेरी होते. रोखीने पैसे देणाऱ्याची कार्डाची किंवा बँकेची कोणतीही माहिती दुकानाकडे जात नसे. पैशाच्या बाजूने हा जवळजवळ आदर्श खासगी व्यवहार होता. पत्त्याच्या बाजूने नेमके उलटे घडले. ‘देवळामागे, गिरणीसमोर’ असा पत्ता शोधणाऱ्या माणसाला फोन केल्यावाचून घर सापडत नसे. रोख तयार ठेवा, हे सांगण्यासाठीही फोन लागे. त्यामुळे मोबाइल क्रमांक मागणे ऑनलाइन दुकानांत अटळ झाले आणि पुढे तोच ग्राहकाची खरी ओळख बनला. खाते उघडण्यासाठी तोच, परवलीचा शब्द विसरल्यास तोच, सवलतीचे संदेश धाडण्यासाठीही तोच. घराचा पत्ता भाडेकरू दर काही वर्षांनी बदलतो. मोबाइल क्रमांक मात्र माणसे वर्षानुवर्षे जपून ठेवतात. एका दुकानातील नोंद दुसऱ्या दुकानातील नोंदीशी जोडण्यास याहून सोयीचा धागा नाही. पिन कोडने अपुरी ठेवलेली जागा अशा रीतीने एका अशा क्रमांकाने भरून काढली, जो मुळात पत्ता म्हणून घडवलेलाच नव्हता.

याच सुमारास पैशाच्या बाजूला पहिले मजबूत कुलूप लागले. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवरील कार्डव्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. कार्डावर छापलेली माहिती पुरेशी नाही. कार्डधारकालाच ठाऊक असलेली किंवा त्याच्याच हाती पोहोचणारी आणखी एखादी खूण हवी, असा तो दंडक होता. आधी ही खूण म्हणजे ठरलेला परवलीचा शब्द असे, नंतर मोबाइलवर येणारा ओटीपी रूढ झाला. त्यामागचे तत्त्व साधे आहे. कार्डाची माहिती स्थिर असते, एकदा चोरली की पुन्हा पुन्हा वापरता येते. ओटीपी काही मिनिटांत निरुपयोगी होतो, म्हणून तो साठवून ठेवण्यात चोराला लाभ नाही.

उद्योजकांना हा दंडक जाचक वाटला. संदेश वेळेवर येत नाही, पान मध्येच बंद पडते, ग्राहक कंटाळून खरेदी सोडून देतो, ही त्यांची नित्याची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. २०१४ मध्ये हा वाद ऐरणीवर आला. उबर ही अमेरिकी टॅक्सीसेवा कार्डाची माहिती साठवून, परदेशी मार्गाने, दुसऱ्या पडताळणीविना भाडे वसूल करीत असे. भारतातच होणाऱ्या व्यवहारांसाठी असा वळसा चालणार नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१४ मध्ये बजावले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये कंपनीने पेटीएमच्या वॉलेटचा मार्ग धरला. सोय मोठी की सुरक्षितता, या वादात नियामकाने सुरक्षिततेच्या बाजूने निर्णय दिला आणि व्यापार त्यामुळे थांबला नाही.

वाद येथे मिटला असता तर पुढचे पाऊल पडले नसते. सोय आणि सुरक्षितता यांची सांगड घालणारी रचना ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत जाहीर झाली. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने घडवलेल्या यूपीआयचे अनावरण रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते झाले. तिच्या गाभ्याशी ‘आभासी पत्ता’ ही कल्पना आहे. पैसे घेणाऱ्याने स्वतःचा खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी सांगण्याची गरज नाही. ‘नाव’ आणि ‘बँक’ यांच्यामध्ये @ ही खूण असलेला एक छोटा पत्ता पुरतो. तो पत्ता कोणत्या खात्याशी जोडलेला आहे, हे यंत्रणेच्या आतच उलगडते. खरी माहिती झाकून तिच्या जागी बदली माहिती पुढे करावी, या तत्त्वाचा एवढा मोठा प्रयोग देशात याआधी झाला नव्हता. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींचा.

या यशातही जुनी फट राहून गेली. अनेक अॅप्सनी सोयीसाठी ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच आभासी पत्त्याचा पहिला भाग म्हणून वापरला. बँकेचे खाते झाकले गेले, पण ज्या क्रमांकावरून माणसाच्या साऱ्या नोंदी जुळवता येतात तो क्रमांक भाजीवाल्यापासून अनोळखी विक्रेत्यापर्यंत उघड होऊ लागला. आभासी पत्ता स्वतःच्या पसंतीने बदलण्याची सोय अनेक अॅप्समध्ये आहे. ती शोधून वापरण्याची तसदी घेणारे मात्र थोडे.

या काळात उद्योजकांमध्ये माहितीविषयी दोन मते घडत होती. पहिले मत दुकानदाराचे. ग्राहकाविषयी जितके अधिक ठाऊक, तितकी सेवा चांगली. गेल्या महिन्यात काय घेतले हे माहीत असेल तर या महिन्यात काय लागेल हे सांगता येते. गल्लीतील वाणी हेच करीत नव्हता का, असा त्यांचा युक्तिवाद असे. त्यात तथ्य होते, पण वाण्याची स्मृती त्याच्यापाशीच राही. ती विकता येत नसे, तिची प्रत काढता येत नसे आणि ती एका रात्रीत देशाबाहेर जात नसे.

दुसरे मत नंदन नीलेकणी यांच्या नावाशी जोडले गेले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिसच्या सात संस्थापकांपैकी एक असलेले नीलेकणी २००९ मध्ये आधार प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देण्यात आला. माणसाची माहिती कंपन्यांच्या कोठारात अडकून न पडता त्याला स्वतःला, उदाहरणार्थ कर्ज मिळवण्यासाठी, वापरता आली पाहिजे, हा विचार नीलेकणी यांनी पुढे सातत्याने मांडला. ग्राहकाच्या संमतीने एका वित्तसंस्थेकडील माहिती दुसरीकडे नेणारी ‘अकाउंट अॅग्रीगेटर’ व्यवस्था याच विचारपरंपरेतली आहे. पैशाविषयीच्या माहितीसाठी ती उभी राहिली, तीही रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली. खरेदीच्या माहितीसाठी तसे काही झाले नाही.

आधारवरील आक्षेपांतूनच खासगीपणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये याचिका दाखल केली होती. राज्यघटनेत खासगीपणाचा हक्क मुळात आहे काय, असा मुद्दा सरकारने उपस्थित केला, कारण १९५४ आणि १९६२ च्या दोन जुन्या निकालांत त्याविरुद्ध मत आले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला : खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. न्या. संजय किशन कौल यांनी स्वतंत्र निकालपत्रात खासगी कंपन्यांकडे साठणाऱ्या माहितीचाही ऊहापोह केला. परंतु मूलभूत हक्क प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतो. दुकानदाराविरुद्ध दाद मागायची तर वेगळा कायदा हवा होता.

असा कायदा नव्हता असे नाही. जो होता तो तोकडा होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ‘४३ अ’ हे कलम आले. संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय केल्यामुळे कोणाचे गैरवाजवी नुकसान किंवा कोणाचा गैरवाजवी लाभ झाला, तर कंपनीने भरपाई द्यावी, असे ते सांगत होते. संवेदनशील माहिती म्हणजे काय, हे २०११ च्या नियमांनी ठरवले. परवलीचे शब्द, बँक आणि कार्डाची माहिती, आरोग्याच्या नोंदी, लैंगिक कल, शरीराच्या जैविक खुणा हे त्या यादीत होते. नाव, घराचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक नव्हते. पत्ता उघडा राहण्याचे कायदेशीर कारण या एका यादीत सापडते.

त्याचा अर्थ काय होतो, हे २०२० मध्ये दिसले. फॅबमार्टच्या संस्थापकांपैकी काहींनी २०११ मध्ये ‘बिगबास्केट’ हे ऑनलाइन किराणा दुकान सुरू केले होते आणि ते देशातील आघाडीचे दुकान बनले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये एका सायबर सुरक्षा संस्थेने जाहीर केले की या दुकानाच्या सुमारे २ कोटी ग्राहकांची माहिती इंटरनेटच्या चोरबाजारात विक्रीला आहे. नावे, ईमेल, फोन क्रमांक, पत्ते, जन्मतारखा आणि परवलीच्या शब्दांची सांकेतिक रूपे त्यात असल्याचे त्या संस्थेचे म्हणणे होते. कंपनीने बंगळुरू पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार केली आणि ग्राहकांची आर्थिक माहिती आपण साठवतच नसल्याने ती सुरक्षित असल्याचे सांगितले. १९९९ मध्ये ग्राहकाच्या मनात असलेल्या प्रश्नाचे उत्तर एकवीस वर्षांनी चोख मिळाले होते : कार्डाचा क्रमांक चोरीला गेला नाही. जो प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता, त्याचे उत्तर मात्र चोरबाजारात होते.

पैशाच्या बाजूचे शेवटचे मोठे कुलूप १ ऑक्टोबर २०२२ रोजी लागले. त्या दिवसापासून दुकानांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’ वापरले जाते. कार्डाच्या खऱ्या क्रमांकाच्या जागी कार्ड यंत्रणा दुसरा एक क्रमांक देते. तो त्या ग्राहकाचे ते कार्ड आणि ते दुकान एवढ्यापुरताच चालतो. एका दुकानातून चोरलेले टोकन दुसऱ्या दुकानात कामाचे नाही. खरा क्रमांक आणि टोकन यांची जोडी बँक किंवा कार्ड यंत्रणेच्या सुरक्षित कोठारातच राहते. या पद्धतीचे बळ चोरी रोखण्यात नाही. चोरलेल्या वस्तूची किंमत शून्यावर आणण्यात आहे. मुदत अनेकदा वाढवून घेतलेल्या उद्योगजगताने शेवटी ती स्वीकारली आणि पुढच्या सणासुदीची विक्री काही अडली नाही.

या दोन बाजूंतील तफावतीचे कारण ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकात स्पष्ट दिसते. ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने केलेल्या फसवणुकीने खात्यातून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकाने सोसायचे नाही, असे त्यात ठरवले आहे. ज्याच्या खिशातून नुकसान भरून निघते तो कुलपावर खर्च करतो. खात्यातील रक्कम घटली की ती त्याच क्षणी मोबाइलवर दिसते, तक्रार होते, नियामक जाब विचारतो. पत्ता गेल्याचे कोणालाच दिसत नाही. काही महिन्यांनी अनोळखी माणूस फोन करून नाव, राहण्याचे ठिकाण आणि गेल्या महिन्यातील खरेदी अचूक सांगतो आणि कुरिअर कंपनीचा किंवा पोलिसांचा माणूस असल्याची बतावणी करतो. ती माहिती कोणत्या दुकानातून गेली, हे त्या वेळी सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय अशा फसवणुकीत ओटीपी ग्राहक स्वतःच सांगतो. मग पैशाची सारी कुलपे पत्त्याच्या उघड्या दारातून आत आलेल्या माणसासाठी आतूनच उघडली जातात. दोन्ही बाजू वेगळ्या आहेत, हा समज येथेच खोटा ठरतो.

पत्त्याच्या बाजूची हालचाल उशिरा सुरू झाली. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला, २०१९ मध्ये विधेयक आले, ते ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले आणि अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याआधी मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावले होते की बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला फसवून संमती काढणाऱ्या तेरा प्रकारच्या ‘डार्क पॅटर्न’वर मार्गदर्शक सूचनाही आल्या, न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप बिलात टाकणे हा त्यांतला एक प्रकार.

नव्या कायद्याने संवेदनशील आणि साधी हा भेद काढून टाकला. नाव, पत्ता, क्रमांक अशी कोणतीही व्यक्तिगत डिजिटल माहिती त्याच्या कक्षेत येते. सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार २ कोटी किंवा अधिक नोंदणीकृत ग्राहक असलेल्या ऑनलाइन दुकानांनी तीन वर्षे न फिरकलेल्या ग्राहकाची माहिती, ४८ तास आधी कळवून, पुसून टाकली पाहिजे. ‘माझा पत्ता किती वर्षे ठेवणार?’ या प्रश्नाला भारतीय कायद्याने दिलेले हे पहिले मोजता येणारे उत्तर आहे.

त्यात उणिवा आहेत. दंडाची रक्कम सरकारच्या संचित निधीत जाते, ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे नाही. भरपाई देऊ करणारे जुने ‘४३ अ’ कलम वगळण्याची तरतूद या कायद्यात आहे. सरकारी यंत्रणांना दिलेल्या व्यापक सवलतींवरही टीका झाली आहे. २०१७ च्या परिपत्रकाने जे साधले, म्हणजे नुकसानीचा भार ग्राहकावरून उचलून माहिती सांभाळणाऱ्यावर टाकणे, ते या कायद्याने अर्धेच साधले आहे. कंपनीला धाक आहे, ग्राहकाला भरपाई नाही.

तंत्राचा मार्ग तर कधीच मोकळा झाला आहे. टॅक्सीचा चालक आणि प्रवासी यांना परस्परांचा खरा क्रमांक न दिसता बोलता येते. मधली यंत्रणा दोघांना तात्पुरता क्रमांक देते. टोकनचे तत्त्व फोनला लावले की असे होते. तेच पत्त्यालाही लावता येईल. २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ प्रसिद्ध केला. देशाच्या भूभागाचे सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांची खूण देणारी ही पद्धत हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साहाय्याने तयार झाली. वेलणकरांचा पिन कोड जेथे थांबला होता, तेथून ती पुढे जाते. पत्ता नागरिकाच्या संमतीनेच दुसऱ्याला कळवण्याची व्यवस्था उभारण्याची कल्पनाही खात्याने त्याच वर्षी मांडली. दुकानाला केवळ ‘हे पार्सल या खुणेवर पोहोचवा’ एवढेच कळेल, घर कोठे आहे हे पोहोचवणाऱ्यालाच आणि तेही त्या दिवसापुरतेच कळेल, अशी रचना आज अभियांत्रिकीच्या आवाक्यात आहे. मात्र अचूकता दुधारी असते. चार मीटरपर्यंत नेमका झालेला पत्ता कोणाच्या कोठारात कायमचा पडून राहिला, तर ‘देवळामागे’ या जुन्या संदिग्धतेने नकळत दिलेले संरक्षणही उरणार नाही.

डेटा संरक्षण कायद्यातील प्रमुख कर्तव्ये नियम अधिसूचित झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. २००९ चा ओटीपी, २०१४ चा टॅक्सीचा वाद आणि २०२२ चे टोकन यांचा अनुभव सांगतो की नियमांआधी उद्योग अडचणींची यादी मांडतो आणि नियमांनंतर तोच उद्योग मार्ग काढतो. पैशाच्या बाबतीत तीन वेळा तसे घडले, कारण पाठीशी जाब विचारणारा नियामक आणि स्वतःची रक्कम मोजणारा ग्राहक होता. नियामकाची जागा भरण्यासाठी डेटा संरक्षण मंडळाची तरतूद झाली आहे. पत्त्याच्या बाबतीत तितक्याच काटेकोरपणे हिशेब मागणारा ग्राहक अजून घडायचा आहे. बिल करताना समोरून मोबाइल क्रमांक मागितला गेला की ‘कशासाठी?’ असे विचारणे, हा त्या हिशेबाचा पहिला आकडा.